कवचाच्या दहा बाटल्या, प्रथिनांच्या चार : ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकसच्या टायपिंग संचाचे परीक्षण

ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूचा सीरोटाइप, म्हणजे पृष्ठभागावरील घटकांवरून ठरणारा प्रकार, ओळखण्यासाठी आमच्या प्रयोगशाळेत गेले वर्षभर एक लॅटेक्स संच (प्रतिपिंड चिकटवलेल्या लॅटेक्सच्या सूक्ष्म कणांचा) वापरात आहे. पेटीत चौदा ड्रॉपर बाटल्या येतात. दहा बाटल्यांत जिवाणूच्या शर्करेच्या कवचाविरुद्धचे, म्हणजे कॅप्सूलविरुद्धचे, प्रतिपिंड असतात आणि उरलेल्या चारांत त्याच्या पृष्ठभागावरील प्रथिनांविरुद्धचे. विकणारी कंपनी दोन्ही गटांची भलामण एकाच दमात करते आणि घेणाराही चौदा बाटल्यांची ती एकच वस्तू समजून घेतो. वर्षभराच्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की एका पेटीत भरलेली ही दोन वेगळी उत्पादने आहेत. पहिले डोळे झाकून घ्यावे, दुसरे डोळे उघडे ठेवून वापरावे. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण माझी मुख्य तक्रार एका कंपनीपुरती नसून अशा संचांच्या घडणीबद्दलची आहे.

आधी एक खुलासा केलेला बरा. या जिवाणूला प्रयोगशाळेत सगळे ‘जीबीएस’ म्हणतात, परंतु त्याच तीन अक्षरांनी गिया-बारे सिंड्रोम हा मज्जातंतूंचा आजारही ओळखला जातो. त्याचा येथे काही संबंध नाही. आपला जीबीएस म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस अ‍ॅगॅलॅक्टिए. नावातल्या ‘अ‍ॅगॅलॅक्टिए’चा अर्थ दूध आटणे असा आहे, कारण त्याची पहिली ओळख गायीच्या कासदाहातून झाली. माणसांत तो आतड्यात आणि योनिमार्गात बहुधा निरुपद्रवीपणे राहतो. जगभरातील गर्भवतींपैकी सुमारे १८ टक्के स्त्रिया त्याच्या वाहक असतात असा अंदाज आहे. प्रसूतीच्या वेळी तो बाळापर्यंत पोहोचला तर मात्र पहिल्या आठवड्यात रक्तातला जंतुसंसर्ग आणि न्यूमोनिया, तर त्यानंतर तीन महिन्यांपर्यंत मेंदूच्या आवरणाचा दाह होण्याची भीती असते. रोग्यावर तातडीचा उपचार करण्यासाठी सीरोटाइप कळण्याची गरज नसते. पेनिसिलिन सगळ्या प्रकारांना सारखेच दिले जाते. सीरोटाइप लागतो तो साथीचा माग काढायला, दोन रोग्यांकडचे जिवाणू एकच आहेत का हे पाहायला आणि येऊ घातलेल्या लसी कोणत्या जिवाणूंवर चालतील याचा हिशेब मांडायला. संचाचे मूल्यमापनही याच कामांच्या कसोटीवर व्हायला हवे.

कवचाच्या दहा बाटल्यांबद्दल लिहिण्यासारखे फार नाही, आणि हीच त्यांची प्रशंसा. सीरोटाइप १ए, १बी आणि २ ते ९ असे दहा प्रकार आज मान्य आहेत. त्यातला नववा २००७ साली नोंदवला गेला आणि संचात त्याचीही बाटली आहे. टॉड-ह्युइट ब्रॉथ या पोषक द्रवात रात्रभर वाढवलेल्या जिवाणूंचा एक थेंब कार्डावर ठेवावा, शेजारी लॅटेक्सचा थेंब सोडावा, काडीने दोन्ही एकत्र करून कार्ड हळुवार डोलवावे. जुळणी असेल तर काही सेकंदांत दुधी थेंबात बारीक रवा उमटू लागतो आणि पाहता पाहता मधला भाग नितळ होऊन रवा कडेला सरकतो. जुळणी नसेल तर थेंब दुधीच राहतो. शिकाऊ मुलांनाही पहिल्याच दिवशी हा फरक कळतो. ज्यांनी लान्सफील्डच्या जुन्या पद्धतीने केशनलिकेत जिवाणूचा अर्क आणि अँटिसीरम (प्रतिपिंड असलेले रक्तद्रव) एकावर एक चढवून मधल्या पांढऱ्या कड्याची वाट पाहिली आहे, त्यांना या सुटसुटीतपणाची किंमत वेगळी सांगायला नको.

सुटसुटीतपणाखेरीज आणखी एक गुण आहे आणि तो माहितीपत्रकात कुठेच सांगितलेला नाही. रिबेका लान्सफील्ड यांनी १९३४ मध्ये या गटातील प्रकार वेगळे केले तेव्हा प्रतिजन, म्हणजे प्रतिपिंड ज्याला धरतो तो घटक, काढण्यासाठी जिवाणू गरम हायड्रोक्लोरिक आम्लात उकळले जात. जीबीएसच्या कवचातील शर्करेच्या शाखांच्या टोकाला सियालिक आम्ल असते आणि उकळत्या आम्लात ते गळून पडते. सीरोटाइप ३ च्या कवचातून सियालिक आम्ल काढून टाकले की जे उरते ते न्यूमोकॉकस या दुसऱ्या जिवाणूच्या प्रकार १४ च्या कवचाशी तंतोतंत जुळते. म्हणजे आम्लाच्या अर्कावर आपण जे ओळखत होतो तो अनेकदा मूळ प्रतिजनाचा सांगाडा होता. लॅटेक्सच्या पद्धतीत जिवाणू अख्खा आणि न उकळलेला असतो, त्यामुळे प्रतिपिंडाला कवच त्याच्या मूळ रूपात भेटते. बाळाला वाचवणारे प्रतिपिंडही याच मूळ रूपाला धरतात.

दोष अगदीच नाहीत असे नाही. एका बॅचमधली सीरोटाइप ५ ची बाटली नुसत्या सलाइनबरोबरही रवा दाखवू लागली. आम्ही दर आठवड्याला सलाइनचा कंट्रोल लावतो म्हणून ते लक्षात आले. कंपनीने बाटली बदलून दिली, परंतु त्यात कित्येक आठवडे गेले आणि वाटेत माल गोठला होता का या साध्या प्रश्नाचे उत्तर शेवटपर्यंत मिळाले नाही. लॅटेक्स एकदा गोठले की कामातून गेले, हे पेटीवर ठळक छापायला हवे.

आता प्रथिनांच्या चार बाटल्यांकडे वळतो, कारण या परीक्षणाचा खरा विषय त्याच आहेत. त्यांची लेबले अशी : सी-अल्फा, सी-बीटा, आर४ आणि आर२८. कवचाचा प्रकार एकदा कळल्यावर प्रथिने कशाला तपासायची, असे कोणी विचारील. याचे उत्तर असे की कवच ही पोशाखासारखी गोष्ट आहे आणि जिवाणूंचे काही वंश तो बदलतात. नवजात बाळांच्या मेंदूच्या आवरणाच्या दाहाशी ज्याचे नाव विशेष जोडले जाते तो एसटी-१७ हा वंश बहुतेक वेळा सीरोटाइप ३ चे कवच घालून असतो, पण त्याच वंशाचे सीरोटाइप ४ चे कवच घातलेले जिवाणूही आढळले आहेत. केवळ कवच पाहणाऱ्याला तो अनोळखी वाटेल. पृष्ठभागावरचे प्रथिन मात्र सहसा तेच राहते. शिवाय काही जिवाणू कवच इतके थोडे बनवतात की दहाही बाटल्या गप्प बसतात आणि अहवालावर ‘टाइप होत नाही’ एवढेच लिहावे लागते. अशा वेळी प्रथिनाची खूण हाताशी असणे मोलाचे ठरते. आमच्याकडच्या अशा एका जिवाणूने आर२८ च्या बाटलीशी खणखणीत प्रतिसाद दिला आणि पुढे पीसीआरमध्ये कवचाचे जनुक सीरोटाइप ५ चे निघाले. आर२८ आणि सीरोटाइप ५ ही जोडी नेहमीची आहे. सीरोटाइप ३ मध्ये बहुधा आर४ असते, १बी मध्ये सी-अल्फा आणि सी-बीटा दोन्ही, तर १ए मध्ये बहुधा अल्प१ नावाचे प्रथिन असते. या शेवटच्या प्रथिनाची बाटली संचात नाही. वाहक स्त्रियांत जो प्रकार सगळीकडे भरपूर सापडतो, नेमके त्याच्याच नेहमीच्या प्रथिनासाठी सोय नसावी, ही उणीव लहान नाही.

नावांचा गोंधळ हा या क्षेत्राला जडलेला जुना रोग आहे आणि संचाने तो जसाच्या तसा ग्राहकाच्या हाती दिला आहे. एकेकाळी ‘१सी’ नावाचा स्वतंत्र प्रकार मानला जाई. प्रत्यक्षात तो १ए चे कवच आणि सी प्रथिन यांचा जोड होता. १९८४ साली नामकरणाची घडी बसवण्यात आली, कवचाची शर्करा तेवढी प्रकाराची खूण आणि सी, आर इत्यादी प्रथिने ही तिला जोडून लिहायची पुरवणी असे ठरले, आणि ‘१सी’ रद्द होऊन ‘१ए/सी’ लिहिले जाऊ लागले. पुढे १९९३ मध्ये स्वीडनमधील लुंड येथील लिंडाल यांच्या गटाने सीरोटाइप ३ च्या रोगकारक जिवाणूंवर सापडणाऱ्या एका प्रथिनाचे वर्णन करून त्याला ‘रिब’ असे नाव दिले. जुन्या सीरमशास्त्रातले आर४ ते हेच, हे नंतर स्पष्ट झाले. संशोधनपर लिखाणात आज सगळीकडे रिब असते, बाटलीवर आर४ असते आणि माहितीपत्रकात या दोन नावांचा मेळ घालणारे एक वाक्यही नाही. आर२८ ची कथाही अशीच आहे. हे नाव मुळात ग्रुप ए स्ट्रेप्टोकॉकसच्या २८ व्या प्रकारावरून आले आणि जीबीएसवर तेच प्रथिन अल्प३ या नावाने वावरते. नवीन माणसाने चार बाटल्या आणि सहा नावे यांची सांगड कशी घालावी?

नावांचा गोंधळ कोष्टक करून भिंतीवर लावला की सुटतो, आमच्याकडे तसे कोष्टक लावलेही आहे. परंतु प्रथिनांच्या घडणीतून येणारा गोंधळ कोष्टकाने सुटत नाही. त्याचा अनुभव मला एका संध्याकाळी आला. सीरोटाइप ५ चा एक जिवाणू मी चारही बाटल्यांशी लावून पाहिला. आर२८ च्या थेंबात रवा अपेक्षेप्रमाणे लगेच उमटला. आर४ चा थेंब काही क्षण दुधी राहिला, आणि मग त्यातही बारीक, पण नि:संशय कण दिसू लागले. माझी पहिली शंका अशी की नमुन्यात दोन जिवाणूंची भेसळ आहे. मी ब्लड अगरच्या (रक्त मिसळलेल्या पोषक थराच्या) प्लेटवर पुन्हा रेघा ओढल्या, एकेकटी कॉलनी उचलली, पुन्हा वाढवली, पुन्हा लावली. दोन दिवस गेले आणि प्रत्येक कॉलनीने दोन्ही बाटल्यांना होकार दिला. भेसळ नव्हतीच. चूक जिवाणूची नव्हती, बाटलीतल्या प्रतिपिंडांची होती. अधिक नेमके सांगायचे तर चूक माझ्या गृहीतकाची होती.

ही प्रथिने एका कुटुंबातली आहेत. प्रत्येकाला पेशीभित्तीत रुतलेले एक मूळ असते, बाहेरच्या टोकाला साधारण १७० अमिनो आम्लांचे एक डोके असते आणि मधला लांबच लांब भाग एकाच तुकड्याच्या पुनरावृत्तीने बनलेला असतो. ए९०९ या नामांकित स्ट्रेनच्या (जिवाणूच्या वाणाच्या) सी-अल्फामध्ये ८२ अमिनो आम्लांचा तोच तुकडा नऊ वेळा येतो, तर रिबमध्ये ७९ अमिनो आम्लांचा तुकडा बीएम११० या स्ट्रेनमध्ये बारा वेळा येतो. माळेत एकसारखे मणी ओवावेत तशी ही रचना आहे. आर२८ चे मणी रिबच्या मण्यांसारखे जवळजवळ हुबेहूब आहेत, मात्र त्याचे डोके अल्फाशी नाते सांगते. १९९९ मध्ये या प्रथिनाची क्रमवारी प्रसिद्ध झाली तेव्हाच ते अल्फा, बीटा आणि रिब यांच्या तुकड्यांतून जोडलेले असल्याचे दिसून आले होते. सशाला अख्खे प्रथिन टोचून अँटिसीरम बनवले तर त्यातले पुष्कळ प्रतिपिंड मण्यांविरुद्ध तयार होतात, कारण मणी संख्येने जास्त असतात आणि प्रतिकारशक्तीचे लक्ष आधी वेधून घेतात. असे आर४ चे अँटिसीरम आर२८ च्या मण्यांनाही धरणार, यात नवल ते काय? नवल वाटायला हवे ते माहितीपत्रकाचे. त्यात अँटिसीरम प्रथिनाच्या कोणत्या भागाविरुद्ध आहे, ते इतर प्रथिनांच्या स्ट्रेनवर शोषून घेतले आहे, म्हणजे त्यांना चिकटणारे प्रतिपिंड आधी काढून टाकले आहेत, की नाही, याबद्दल एक अक्षर नाही.

मग आम्ही स्वतःच शोषण करून पाहिले. आर२८ असलेला जिवाणू भरपूर वाढवला, उष्णतेने मारला, धुतला आणि आमच्याकडे असलेल्या साध्या, लॅटेक्सला न चिकटवलेल्या रिबच्या अँटिसीरममध्ये कालवून ठेवला. सेंट्रिफ्यूज केल्यावर वरचा द्रव घेतला, म्हणजे दोघांना समान असलेल्या मण्यांना चिकटणारे प्रतिपिंड जिवाणूंबरोबर तळाशी गेले आणि रिबच्या डोक्यापुरते तेवढे मागे राहिले. त्या सीरमने सीरोटाइप ५ च्या जिवाणूला ओळख दाखवली नाही आणि सीरोटाइप ३ ला दाखवली, पूर्वीपेक्षा मंद का होईना. एका दिवसाच्या कामात जे साधले ते कारखान्यात साधता येत नाही असे मानणे कठीण आहे. मात्र त्यामुळे सीरमची ताकद घटते, आणि बाटलीमागे सीरम अधिक लागते. शोषण टाळण्यामागचे कारण तेच असावे अशी माझी शंका आहे.

सी-अल्फाच्या बाटलीची खोड निराळी आहे. तीच बाटली दोन सी-अल्फाधारी जिवाणूंवर फार वेगळा जोर दाखवते. एकावर रवा तत्काळ येतो, दुसऱ्यावर इतका हळू की अर्धवट वाचणारा नकारार्थी नोंद करून मोकळा होईल. याचे एक कारण मण्यांच्या संख्येत असते, कारण ती जिवाणूगणिक बदलते. त्यावर मॅडॉफ आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेले काम प्रतिपिंडांशी संबंध असलेल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे. आई आणि नवजात बाळ यांच्या १४ जोड्यांपैकी दोन जोड्यांत बाळाकडून मिळालेल्या जिवाणूचे अल्फा प्रथिन आईकडच्यापेक्षा आखूड होते, आणि त्यात मणी कमी होते. आईकडचे जिवाणू अल्फाविरुद्धच्या सीरमच्या उपस्थितीत पांढऱ्या पेशींकडून मारले गेले, बाळाकडचे मात्र वाढत राहिले. पुढे प्रतिपिंड टोचलेल्या उंदरांना तोच जिवाणू दिल्यावर त्यांच्या प्लीहेतून मणी गाळलेले जिवाणू वारंवार मिळाले. प्रतिपिंड न टोचलेल्या उंदरांत तसे झाले नाही. म्हणजे माळ आखूड करणे हा जिवाणूचा प्रतिपिंडांपासून सुटका करून घेण्याचा मार्ग आहे. मण्यांवर बेतलेले अँटिसीरम नेमक्या अशाच जिवाणूपुढे दुबळे पडते, आणि तपासणाऱ्याला खरे तर तोच निसटायला नको असतो. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिने आकारानुसार वेगळी करून प्रतिपिंडाने ओळखण्याच्या पद्धतीत) ही प्रथिने एका पट्ट्याऐवजी शिडीसारखी समान अंतराच्या पायऱ्यांनी उमटतात. ती शिडी एकदा पाहिली की मण्यांचे प्रकरण कोणी विसरत नाही. कार्डावरचा थेंब हे काही दाखवत नाही, म्हणून मंद प्रतिसादाचा जिवाणू आम्ही आता ब्लॉटकडे पाठवतो. १ए च्या काही जिवाणूंवरही या बाटलीने अर्धवट रवा दाखवला, कारण अल्प१ आणि सी-अल्फा यांच्यात काही भाग समान आहे. तो निकाल सी-अल्फा म्हणून नोंदवणे चूक ठरेल.

सी-बीटाच्या बाटलीबद्दल तक्रार नाही. हे प्रथिन या कुटुंबातले नाही, त्याची घडण निराळी आहे, त्यामुळे त्याचे अँटिसीरम कोणाशी गल्लत करत नाही. ते ट्रिप्सिनने नष्ट होते आणि सी-अल्फा टिकून राहते, हा जुना फरक खातरजमेसाठी आजही उपयोगी पडतो. फक्त एक सावधगिरी हवी. हे प्रथिन माणसाच्या आयजीए प्रतिपिंडाला त्याच्या शेपटीकडून धरून ठेवते. सशाच्या सीरमने बनवलेल्या बाटलीला त्याचा त्रास नाही, परंतु हाच जिवाणू प्लेटला चिकटवून कोणी माणसाच्या सीरममधले आयजीए मोजायला गेले, तर प्रतिजन ओळखणारे आणि नुसते अडकलेले प्रतिपिंड यांत फरक करता येणार नाही. पेटीवर ‘संशोधनासाठीही उपयुक्त’ असे छापलेले आहे, म्हणून हे सांगणे भाग आहे.

लसींच्या संदर्भात या पेटीतले दोन्ही भाग पुन्हा समोरासमोर येतात. एका बाजूला कवचाच्या शर्करेवर बेतलेल्या लसी आहेत. १ए, १बी, २, ३, ४ आणि ५ या सहा प्रकारांची शर्करा वाहक प्रथिनाला जोडून बनवलेली लस गर्भवती स्त्रियांवरील चाचणीपर्यंत पोहोचली आहे. आईच्या शरीरात तयार होणारे आयजीजी प्रतिपिंड वारेतून बाळाकडे जातात, हा तिचा आधार. दुसऱ्या बाजूला प्रथिनांची लस आहे. तिच्या रचनेत लुंडच्या गटाने सुचवलेला विचार दिसतो, तो असा की मणी वगळावेत आणि रिब व सी-अल्फा यांची केवळ डोकी एकमेकांना जोडावीत. डोक्याविरुद्ध निसर्गतः प्रतिपिंड कमी तयार होतात, पण झाले तर ते संरक्षण देतात आणि मणी गाळून जिवाणूला त्यांच्यापासून सुटता येत नाही. पुढच्या आवृत्तीत अल्प१ चे डोके आणि अल्प२ (याच कुटुंबातले आणखी एक प्रथिन) व अल्प३ यांना समान असलेले डोके यांचीही भर घालण्यात आली. लस बनवणाऱ्यांना जे उमजले ते टायपिंग संच बनवणाऱ्यांना का उमजू नये, हा माझा प्रश्न आहे. डोक्याविरुद्धचे मोनोक्लोनल (एकाच जागी धरणारे, एकसारखे) प्रतिपिंड लॅटेक्सवर चिकटवले, तर आर४ आणि आर२८ यांची सरमिसळ थांबेल, मण्यांची संख्या कितीही असली तरी उत्तर ‘हो’ की ‘नाही’ एवढेच राहील, आणि अल्प१ ची पाचवी बाटलीही त्याच पद्धतीने बनवता येईल. अल्प२ आणि अल्प३ यांची डोकी जवळपास एकच असल्याने त्या दोघांतला फरक मात्र तेव्हाही पीसीआरवरच सोपवावा लागेल.

पीसीआरने आणि संपूर्ण जनुकक्रमाने हे सगळेच कळते, मग बाटल्या हव्यात कशाला, असा आक्षेप मला सहकाऱ्यांकडून नेहमी ऐकू येतो. जनुक असणे आणि प्रथिन पृष्ठभागावर प्रत्यक्ष दिसणे यांत फरक आहे. प्रतिपिंड धरतो तो प्रथिनाला, जनुकाला नव्हे. ज्या जिवाणूत रिबचे जनुक आहे पण पृष्ठभागावर रिब अत्यल्प आहे, तो लसीच्या दृष्टीने कसा मोजायचा, हे थेंबच सांगू शकतो. म्हणून प्रथिनांच्या बाटल्या टाकून द्याव्यात असे मी म्हणत नाही. त्यांचे उत्तर अंतिम मानू नये, एवढेच म्हणतो.

पुढच्या खरेदीसाठी मी मागणीपत्रात कवचाच्या दहाही बाटल्या आणि सी-बीटा एवढेच लिहिले आहे. सी-अल्फा, आर४ आणि आर२८ यांच्यापुढे रकाना मोकळा ठेवून कंपनीला तीन प्रश्न पाठवले आहेत : अँटिसीरम प्रथिनाच्या कोणत्या भागाविरुद्ध आहे, ते कोणत्या स्ट्रेनवर शोषले आहे, आणि चाचणीसाठी वापरलेल्या सी-अल्फाधारी स्ट्रेनमध्ये मणी किती होते. उत्तर येईपर्यंत फ्रीजमधल्या आर४ च्या बाटलीवर मी पेनाने ‘रिब, आर२८ लाही धरते’ असे लिहून चिकटपट्टी लावली आहे.